भारत आणि इंडोनेशिया: कागद-पुठ्ठ्याच्या व्यापाराची तुलना करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरूडला माझं स्टेशनरी, झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. संत्र्याच्या हंगामात पुठ्ठ्याची खोकीही विकतो. एम.कॉम.च्या पोरापोरींना दोन देशांच्या व्यापाराची तुलना करायचा प्रकल्प मिळाला, की ती पानं छापायला माझ्याकडे येतात आणि छापता छापता मी वाचतो. चुका त्याच त्या. शिवाय संत्र्याचे व्यापारी, रद्दीवाले आणि काउंटरवर टेकून बोलणारी रिकामी मंडळीही प्रश्न विचारतातच. तीच उत्तरं किती वेळा द्यायची म्हणून इथे लिहून ठेवतोय.

तुलनेला इंडोनेशियाच का घ्यायचा? अमेरिका, जर्मनी का नाही?

कोणताही घ्या, पण इंडोनेशिया आपल्या फळीवर बसलेला आहे. माझ्या दुकानात ए-फोर कागदाच्या रिमांचे दोन थर लावलेले असतात. एक देशी गिरणीचा. दुसऱ्याच्या वेष्टनावर बारीक अक्षरात ‘मेड इन इंडोनेशिया’. बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ पासूनची आणि वरूडपासून तीनशे किलोमीटरच्या आसपास. इंडोनेशियाचं सुमात्रा बेट समुद्रापलीकडे, काही हजार किलोमीटर लांब. तरीही तिकडची रीम इथे येऊन देशी रिमेच्या बरोबरीने, कधी दोन-चार रुपयांनी कमी भावात उभी राहते. हे कसं जमतं, हा या तुलनेतला खरा प्रश्न. तो विचारला तर प्रकल्पात जीव येतो, नाहीतर नुसते तक्ते.

‘कागद आणि पुठ्ठा’ या आकड्यात नेमकं काय काय येतं?

निम्म्याहून जास्त प्रकल्प इथेच घसरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जगातल्या प्रत्येक मालाला सीमाशुल्कासाठी एक क्रमांक असतो. त्याला एचएस कोड म्हणतात. पहिले सहा अंक सगळ्या देशांत सारखे, पुढचे ज्याचे त्याचे. भारत आठ अंकांपर्यंत जातो. पहिल्या दोन अंकांना प्रकरण म्हणतात, आणि कागद-पुठ्ठ्याचं प्रकरण ४८ वं. त्यात ४८०१ म्हणजे वर्तमानपत्राचा कागद. ४८०२ म्हणजे लिहिण्या-छापण्याचा साधा कागद, आपली झेरॉक्सची रीम त्यातच. ४८०४ आणि ४८०५ मध्ये क्राफ्ट आणि खोक्यांना लागणारा तपकिरी कागद. ४८१० मध्ये लेप दिलेला, म्हणजे लग्नपत्रिकेचा आर्ट पेपर आणि औषधाच्या डबीचा चकचकीत बोर्ड. ४८१९ म्हणजे तयार खोकी आणि पिशव्या. ४८२० म्हणजे वह्या-रजिस्टरं.

आता या प्रकरणात काय नाही ते बघा. लगदा ४७ व्या प्रकरणात आहे, आणि रद्दीही तिथेच, ४७०७ मध्ये. छापलेली पुस्तकं आणि वर्तमानपत्रं ४९ मध्ये. म्हणजे तोच कागद कोरा असताना ४८, छापला की ४९, वाचून रद्दीत टाकला की ४७. सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर पूर्वी ४८ मध्येही मोजले जायचे, २०१२ च्या बदलानंतर ते ९६१९ मध्ये गेले. त्यामुळे एखाद्या मुलीने २०१० ते २०१५ चा आलेख काढला आणि मध्येच खड्डा दिसला, तर व्यापार बसला म्हणण्याआधी कोड बदलला नाही ना, हे तपासावं.

भारत-इंडोनेशियाची तुलना फक्त ४८ घेऊन केली तर ती लंगडी होते. इंडोनेशिया जगातल्या मोठ्या लगदा-निर्यातदारांपैकी आहे आणि तो लगदा ४७ मध्ये दडलेला. भारत रद्दी मोठ्या प्रमाणावर आयात करतो, तीही ४७ मध्येच. दोघांची खरी गोष्ट ४७ मध्ये सुरू होते आणि ४८ मध्ये फक्त पुढे चालते.

आकडे कुठे मिळतात? पैसे लागतात का?

नाही. भारताचे वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यात डेटा बँकेत मिळतात. ते गोळा करते कोलकात्याची डीजीसीआयएस ही सरकारी संस्था. इंडोनेशियाचे त्यांच्या बीपीएस या सांख्यिकी संस्थेकडे. दोन्ही एका छापात हवे असतील तर संयुक्त राष्ट्रांचं कॉमट्रेड किंवा जागतिक बँकेचं विट्स. कोड टाका, देश टाका, वर्ष टाका.

इंडोनेशिया म्हणते एवढं विकलं, भारत म्हणतो एवढं घेतलं. आकडे जुळत नाहीत. खोटं कोण बोलतंय?

बहुतेक वेळा कोणीच नाही. संत्र्याच्या भाषेत सांगतो. बागवान म्हणतो, झाडावरचा माल चार लाखाला दिला. दिल्लीचा आडत्या म्हणतो, मला पाच लाखाला पडला. मधला लाख तोडाई, पॅकिंग, गाडीभाडं. निर्यात करणारा देश किंमत जहाजावर माल चढवेपर्यंतची लावतो, तिला एफओबी म्हणतात. आयात करणारा त्यात भाडं आणि विमा मिळवतो, ते सीआयएफ. त्यामुळे भारताचा आयातीचा आकडा इंडोनेशियाच्या निर्यातीच्या आकड्यापेक्षा थोडा मोठा असणं हेच सरळ आहे. उलटं दिसलं तर मान वर करा.

दुसरं कारण वर्षाचं. इंडोनेशिया जानेवारी ते डिसेंबर मोजते. आपली डेटा बँक एप्रिल ते मार्च. ‘२०२२’ आणि ‘२०२२-२३’ शेजारी ठेवून वजाबाकी करणारे प्रकल्प मी स्वतः स्पायरल करून दिलेत. आधी वाचलं असतं तर दिले नसते. कॉमट्रेडवर भारताचे आकडेही कॅलेंडर वर्षाने मिळतात, ते घ्या.

तिसरं, डिसेंबरात सुमात्राहून निघालेला माल जानेवारीत उतरतो. आणि चौथं, काही माल सिंगापूरमार्गे येतो. मग एक कागदपत्र म्हणतं सिंगापूर, दुसरं म्हणतं इंडोनेशिया.

किंमत बघायची की वजन?

दोन्ही. एकच बघितलं तर फसाल.

एक रीम घ्या. ए-फोर, ७५ जीएसएम, ५०० पानं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आणि ए-फोरची सोळा पानं मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणजे एक पान साधारण पावणेपाच ग्रॅमच्या आत आणि रीम सुमारे २.३४ किलोची. एका टनात ४२७ रिमा. दुकानाच्या काट्यावर ठेवून बघा, वेष्टनाचं वजन वजा करा, हिशेब जुळतो. न जुळल्यास एकतर जीएसएम कमी आहे किंवा पानं. दोन्ही अनुभव मला आहेत.

आता देशाच्या आकड्यात रक्कम भागिले वजन केलं की टनामागचा भाव निघतो. समजा एका वर्षी आयातीची रक्कम तीस टक्क्यांनी वाढली आणि वजन जागेवर. मग कागद जास्त आला नाही, महाग आला. २०२१ आणि २०२२ मध्ये लगदा, कोळसा, जहाजभाडं सगळंच चढलं होतं. त्या वर्षांची नुसती रक्कम पाहून ‘व्यापारात मोठी झेप’ लिहिणारे प्रकल्प आले. झेप कसली, कंटेनर मिळत नव्हते.

उलटही होतं. टनामागचा भाव दोन देशांत वेगळा दिसला की पोरं लिहितात, अमक्याचा माल हलका. तसं नाही. एक आर्ट पेपर विकत असेल आणि दुसरा क्राफ्ट, तर भाव वेगळा असणारच. चार अंकी कोडाच्या आत जाऊन तुलना करा, निदान सहा अंकी.

“भाऊ, आपल्या गडचिरोलीत एवढा बांबू, एवढी झाडं. तरी कागद काऊन बाहेरून येते?”

हा प्रश्न एका रद्दीवाल्याने विचारला होता. प्राध्यापकांना सुचला नव्हता.

आपल्याकडे कागद गिरण्या उभ्या राहिल्या त्या जंगलाच्या भरवशावर. बल्लारपूरला चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू मिळायचा. पण १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने सांगितलं, की जंगलावर चालणाऱ्या उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांशी थेट संबंध ठेवून पिकवून घ्यावा. सरकारी वनजमीन गिरणीला लागवडीसाठी देऊन टाकायची नाही. त्यामुळे गिरण्यांना शेतकऱ्याकडून सुबाभूळ, निलगिरी घ्यावी लागते, एकर-दोन एकरांच्या तुकड्यांतून. एका गिरणीला हजारो शेतकरी. प्रत्येकाची तोडणी, बैलगाडी, ट्रॅक्टर, वजनकाटा. लाकूड येता येता महाग होतं.

इंडोनेशियाने नेमकं उलटं केलं. सरकारी वनजमिनीवर उद्योगाला लागवडीचे दीर्घ मुदतीचे परवाने दिले. त्याला तिथे ‘हुतान तनामन इंडस्त्री’ म्हणतात, म्हणजे उद्योगासाठी लावलेलं जंगल. सुमात्राच्या रियाऊ आणि दक्षिण सुमात्रा प्रांतांत बाभळीच्या कुळातल्या अकेशियाची आणि निलगिरीची लागवड. तिथे पाऊस वर्षभर, ऊन वर्षभर. पाच-सहा वर्षांत झाड तोडायला तयार. लागवड, लगदा कारखाना, कागदाचं मशीन आणि धक्का एकमेकांजवळ. लाकडापासून रिमेपर्यंत सगळं एकाच घरचं. म्हणून ती रीम समुद्र ओलांडूनही स्वस्त पडते.

याची किंमत तिथे कोणी मोजली तेही लिहा. रियाऊ भागातली बरीच जमीन पीटची, म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली कुजलेल्या पाल्याची. लागवडीसाठी ती कोरडी केली की उन्हाळ्यात जमीनच पेटते. २०१५ च्या आगींचा धूर सिंगापूर, मलेशियापर्यंत गेला होता, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. हा खर्च रिमेच्या भावात कुठेच दिसत नाही. आयातीच्या तक्त्यात तर नाहीच नाही.

आणि आपल्याकडचा बांबू? गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्याआधी बांबू गिरणीला जायचा आणि गावाला तोडणीची मजुरी मिळायची. नंतर गाव विकणारं झालं. माझ्या मते विदर्भात बसून ही तुलना करणाऱ्याने मेंढा-लेखा वगळला, तर त्याने आपलंच अंगण वगळलं. इंडोनेशियात जंगल परवान्याने उद्योगाकडे गेलं, आपल्याकडे निदान काही गावांत ते ग्रामसभेकडे आलं. कागद महाग पडण्याचं ते एक कारण असेलही. मला ते कारण वाईट वाटत नाही.

मग भारत जो कागद निर्यात करतो तो कशाचा बनतो?

बराचसा रद्दीचा. आपल्या देशात तयार होणाऱ्या कागदापैकी सुमारे सत्तर टक्के रद्दीपासून बनतो. उरलेल्यात लाकूड-बांबू मोठा वाटेकरी, मग उसाची चिपाडं, गव्हाचा भुसा वगैरे. गावोगावची रद्दी पुरत नाही, म्हणून अमेरिका, युरोप, आखातातून कंटेनर भरभरून येते. त्यांनी फेकलेला पुठ्ठा आपण आणतो, क्राफ्ट बनवतो, थोडा परत बाहेर विकतो. म्हणजे निर्यातीच्या आकड्यात आयातीचा हात असतो. ‘भारताची निर्यात वाढली’ हे वाक्य लिहिण्याआधी त्याच वर्षीची ४७०७ ची आयात बाजूला मांडून बघा. इंडोनेशिया प्रामुख्याने स्वतःच्या जमिनीतला तंतू, म्हणजे कागद ज्याचा बनतो तो धागा, विकते, आपण बऱ्याच प्रमाणात दुसऱ्याचा तंतू फिरवून विकतो. दोन आकडे सारखे दिसले तरी दोन्हींतून देशाला मिळतं ते सारखं नसतं.

रद्दी फिरवण्यात वाईट काही नाही, उलट चांगलंच. फक्त हिशेब वेगळा मांडायला हवा.

चीनने रद्दी बंद केली त्याचा वरूडशी काय संबंध?

२०२०-२१ च्या हंगामात खोक्याचा भाव वाढला तेव्हा गिऱ्हाईक माझ्यावर ओरडत होतं. “काय राजेहो, पुठ्ठाच त हाय, सोनं हाय का?” मला तरी कुठे माहीत होतं!

झालं असं. चीन २०१६-१७ च्या सुमारास वर्षाला अडीच कोटी टनांहून जास्त रद्दी जगभरातून घ्यायचा. मग घाण-भेसळीचं कारण देऊन नियम आवळत गेला आणि १ जानेवारी २०२१ पासून आयात पूर्णच थांबवली. पण त्यांच्या कारखान्यांना खोकी तर लागतातच. रद्दी आणता येत नाही म्हणून त्यांनी रद्दीपासून बनलेला कागदच रोलमध्ये घ्यायला सुरुवात केली, आग्नेय आशियातून आणि भारतातूनही. आपल्या क्राफ्ट गिरण्यांना चीनचं गिऱ्हाईक मिळालं, भाव चांगला. देशातल्या खोकेवाल्यांना कागद कमी पडला, महाग झाला. त्यातच कोरोनामुळे गावातली रद्दी गोळा होत नव्हती आणि बाहेरून येणारे कंटेनर अडकले होते.

निर्यातीच्या तक्त्यात ते वर्ष झकास दिसतं. संत्र्याच्या व्यापाऱ्याला विचारा ते वर्ष कसं होतं.

खोक्याचा पुठ्ठा देशी असो की बाहेरचा, फरक काय पडतो?

देशाने नाही, तंतूने पडतो. त्या वर्षी मी एका पुरवठादाराकडून पाच-पदरी खोकी घेतली. १८ बीएफ सांगितलं होतं. बीएफ म्हणजे बर्स्ट फॅक्टर, कागद फुटायला किती दाब लागतो त्याचं माप. आंबिया बहाराची संत्री, दहा किलोचं खोकं, बेंगळुरूला जायचं. गाडी भरली आणि रात्री अवकाळी आला. ताडपत्री होती तरी हवा दमट. सकाळी खालच्या दोन थरांतली खोकी बसलेली, कोपरे भजीसारखे मऊ. एक फाडून बघितलं. आतली लाट, जिला आम्ही फ्लूट म्हणतो, ती पार सपाट झाली होती. बोटांत चुरडली तर धागा दिसेना, नुसता भुगा.

धाग्याची गोष्ट साधी आहे. पाइन-स्प्रूससारख्या थंड मुलखातल्या झाडांचा तंतू तीन मिलिमीटरच्या आसपास लांब. बांबूचा त्याहून थोडा कमी. निलगिरी-अकेशियाचा एक मिलिमीटर किंवा त्याच्या आत. लांब तंतू ताकद देतो, आखूड तंतू छपाईला गुळगुळीतपणा. म्हणून इंडोनेशियाचा माल झेरॉक्सच्या कागदात भारी. रद्दी पुन्हा पुन्हा दळली की तंतू दर फेरीला तुटतो आणि पाच-सात फेऱ्यांत कामातून जातो. मधून मधून नवा तंतू मिसळावाच लागतो. भारत लांब तंतूचा लगदा कॅनडा, अमेरिकेसारख्या देशांतून आणतो तो त्याचसाठी.

आता खोकं घेताना मी कोपऱ्याला जीभ लावून बघतो. हसू नका. लगेच पाणी शोषलं की घेत नाही.

इंडोनेशियाच्या कागदावर आयात शुल्क किती लागतं?

कागदाचा साधा मूळ दर १० टक्के. पण आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी भारताचा वस्तू व्यापार करार ऑगस्ट २००९ मध्ये झाला आणि १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्याखाली कागदावरचं शुल्क पायरीपायरीने उतरत १ जानेवारी २०१४ पासून जवळजवळ सगळ्या प्रकारांवर शून्य झालं. इंडोनेशिया आसियानमध्ये आहे, म्हणून शून्य.

त्यासाठी माल तिथलाच असल्याचं प्रमाणपत्र लागतं. करारात ढोबळमानाने ३५ टक्के मूल्य त्या प्रदेशातलं हवं आणि मालाचा सहा अंकी कोड कच्च्या मालापेक्षा बदलायला हवा. दुसरीकडचा कागद आणून नुसता कापून पाठवला तर चालत नाही. सप्टेंबर २०२० पासून आयातदारालाही हे पटवून द्यावं लागतं.

संत्र्यावर बांगलादेशने शुल्क वाढवत नेलं तेव्हापासून वरूड-मोर्शीत शुल्क म्हणजे काय हे कोणाला शिकवावं लागत नाही. कागदात आपण बांगलादेशच्या जागी आहोत, फरक इतकाच की आपण दार उघडं ठेवलंय.

आरसेपचं काय झालं?

आरसेप म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या देशांचा मोठा व्यापार करार. भारत त्याच्या वाटाघाटींतून ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये बाहेर पडला. इंडोनेशिया आत आहे. पण भारत-इंडोनेशिया कागदासाठी आसियान करार महत्त्वाचा, आरसेप नाही. प्रकल्पात यावर चार पानं घालवू नका.

देशी गिरण्या ओरडतात, मग सरकारने काहीच केलं नाही का?

केलं. १ ऑक्टोबर २०२२ पासून कागद आयातीची आगाऊ नोंदणी सुरू झाली. ४८ व्या प्रकरणातले २०१ कोड तिच्यात आहेत. ही बंदी नव्हे, हजेरी आहे. कोण, कुठून, काय भावाने आणतोय हे सरकारला आधी कळतं. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यापुढे जाऊन अनेक पदरी व्हर्जिन पेपरबोर्डला, म्हणजे औषध-सौंदर्यप्रसाधनांच्या डब्यांच्या बोर्डाला, टनाला ६७,२२० रुपयांची किमान आयात किंमत लावली, ३१ मार्च २०२६ पर्यंत. त्या मुदतीत त्याखालच्या भावाने आयात नाही.

इथे दोन पक्ष आहेत आणि दोघेही ‘देशी उद्योग’ म्हणवतात. बोर्ड बनवणारी गिरणी म्हणते बाहेरचा माल अडवा. तोच बोर्ड घेऊन डबी छापणारा म्हणतो अडवू नका, मला महाग पडेल. ‘देशी उद्योगाचं हित’ असं एका ओळीत लिहिणाऱ्याला विचारा, कोणाचं?

जीएसटीचा या तुलनेशी संबंध आहे का?

फारसा नाही. तो देशी मालावरही लागतो आणि आयातीवरही. तरी विचारतातच, म्हणून: २२ सप्टेंबर २०२५ पासून क्राफ्टसारख्या कागदावर १२ चे १८ टक्के झाले आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावर १२ चे ५. वह्यांवर शून्य. खोकं बनवणारा १८ ने घेतो आणि ५ ने विकतो, मधले पैसे परताव्यात अडकतात. तो वेगळा रडगाण्याचा विषय आहे.

वर्तमानपत्राच्या कागदाचं काय?

त्यात इंडोनेशिया मुख्य नाही. आपल्याकडे तो रशिया, कॅनडासारख्या थंड देशांतून येत आलाय. त्यावर जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात १० टक्के शुल्क लागलं, पुढच्याच फेब्रुवारीत ते ५ वर आणलं. आपल्याजवळची गिरणी म्हणजे नेपानगर, भुसावळ-खंडवा रेल्वेवर. १९५६ मध्ये नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केली, मधली काही वर्षं बंद होती, २०२२ मध्ये नव्या यंत्रांसह पुन्हा चालू झाली.

पऱ्हाटीपासून कागद नाही का बनत?

दर उन्हाळ्यात हा प्रश्न येतो, शेतात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पेटवायची वेळ आली की. बनू शकतो. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचं तंत्र तयार केलेलं आहे. अडचण गोळा करण्याची. पऱ्हाटी हलकी, पसरट, काटेरी गठ्ठ्यांची. ट्रॅक्टरची ट्रॉली भरते पण वजन भरत नाही. तुकड्या-तुकड्यांच्या शेतातून सुबाभूळ महाग पडते, तिथे पऱ्हाटीचं काय!

कापसाचा मात्र एक कागद रोज आपल्या खिशात असतो. नोट. ती लाकडाची नसून कापसाच्या तंतूची असते, म्हणून धुण्यात गेली तरी लगेच विरघळत नाही.

प्राध्यापक ‘आरसीए’ काढायला सांगतात. ते काय?

एखादा देश एखाद्या मालात जगाच्या मानाने किती मुरलेला आहे, याचं माप. समजा एका देशाच्या एकूण निर्यातीत कागद २ टक्के आहे आणि सगळ्या जगाच्या निर्यातीत कागद १ टक्का. दोन भागिले एक, आरसीए २. एकाच्या वर म्हणजे मुरलेला, खाली म्हणजे नाही. गणित सोपं आहे. धोका हा, की ते शुल्क-सवलती, रद्दीची आयात, काहीच पाहत नाही. ४७०३ (लगदा), ४८०२ आणि ४८०४ अशा तिन्हींसाठी वेगवेगळं काढा. एकच आकडा काढून मोकळं होऊ नका.

कोणती वर्षं घ्यावी?

२०२० आणि २०२१ एकटी घेऊ नका. शाळा, कचेऱ्या बंद होत्या, लिहिण्याचा कागद खपतच नव्हता, आणि खोकी मात्र घरपोच सामानामुळे खपत होती. माझ्या दुकानात त्या जूनमध्ये वह्यांचे गठ्ठे तसेच पडून होते. तीन वर्षांची सरासरी घ्या: २०१७ ते २०१९ एक, २०२२ नंतरची एक.

आणि रुपया-रुपियात गोंधळू नका. एका रुपयाला दीडशेहून जास्त इंडोनेशियन रुपिया येतात. डॉलरमध्येच मांडा.

भारत इंडोनेशियाला काय विकतो? कागदाचा तोटा दुसरीकडून भरून निघतो का?

कागद थोडाच जातो. आपले शेंगदाणे मात्र तिथे चांगले खपतात. आपण तिकडून पामतेल आणि कोळसा घेतो, त्यामुळे एकूण हिशेबात पारडं त्यांच्याकडेच झुकतं. एका मालाच्या तुटीवरून दोन देशांची कुंडली मांडू नये, तो वेगळा अभ्यास.

बाहेरची रद्दी पुढेही अशीच मिळत राहील का?

युरोपचा नवा कचरा-वाहतूक नियम मे २०२४ मध्ये लागू झालाय. २१ मे २०२७ पासून ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या गटाबाहेरच्या देशांना युरोपातली रद्दीही सहज जाणार नाही. ज्या देशाने अर्ज करून, आम्ही ती नीट हाताळतो असं दाखवून दिलं, त्यालाच. भारत आणि इंडोनेशिया दोघेही ओईसीडीबाहेर आहेत. पण ज्या गिरण्या लागवडीच्या लाकडावर चालतात त्यांना याची झळ कमी, रद्दीवर चालणाऱ्यांना जास्त. तुमच्या प्रकल्पात ‘पुढील अभ्यासाची दिशा’ नावाचं रिकामं पान असतं ना, तिथे हे टाका.

आमच्या गावातला रद्दीवाला हे ऐकून म्हणाला, “मंग आपल्या रद्दीले भाव येईन म्हना.” येईलही.

तक्ता कसा छापू? तुम्ही नीट करून द्याल का?

छापून देईन, नीट तुम्ही करा. प्रत्येक तक्त्याखाली तीन गोष्टी लिहा: कोड किती अंकी, वर्ष कॅलेंडर की आर्थिक, आणि आकडे कोणत्या तारखेला उतरवले. दोन्ही देश जुने आकडे मागाहून दुरुस्त करतात. जानेवारीत उतरवलेला आणि जूनमध्ये उतरवलेला एकाच वर्षाचा आकडा वेगळा निघतो आणि तोंडी परीक्षेत पोरगा घामाघूम होतो. साठ पानांच्या वर प्रकल्प नको. आणि पेन ड्राइव्ह साफ करून आणा, मागच्या वेळी एकीच्या व्हायरसने माझा कॉम्प्युटर दोन दिवस बंद होता.